पान सापडलं नाही

घरच्या प्रत्येक लग्नकार्यात मला कोणीतरी विचारतंच, "तू नक्की काय करतेस गं?" "आयटीत आहे," एवढ्यावर बहुतेकांचं समाधान होतं. खरं उत्तर जरा लांबलचक आहे. मी पुण्यातल्या एका क्लाउड होस्टिंग कंपनीत पाच वर्षं तक्रारी वाचायचं काम केलं. कंपनीच्या सेवेबद्दलच्या तक्रारी नव्हेत, त्यासाठी वेगळी टीम होती. आमच्याकडून भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवरून कोणी कोणाला लुबाडत असेल, तर त्याबद्दलच्या तक्रारी. इंटरनेटवर १९९७ पासून लेखी संकेत आहे, की अशी यंत्रणा चालवणाऱ्याने 'ॲब्यूज' नावाचा एक मेलबॉक्स उघडा ठेवायचा, म्हणजे जगातल्या कोणालाही तिथे लिहिता येईल. आमच्या कंपनीत तो मेलबॉक्स म्हणजे मी आणि माझे तीन सहकारी.

एका शनिवारी रात्री अडीचच्या सुमाराला तिथे एक मेल आला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलेला. माझ्या आईला बँकेच्या नावाने मेसेज आलाय, केवायसी अपडेट करा नाहीतर खातं बंद होईल म्हणून. खाली लिंक आहे. मित्राने शोधून सांगितलं की ते पान तुमच्या सर्व्हरवर आहे. आईने काही भरलं नाही, पण दुसरं कोणीतरी भरेल. कृपया बंद करा.

मी ती लिंक ऑफिसच्या कंप्युटरवर, तपासणीसाठी ठेवलेल्या वेगळ्या ब्राउझरमध्ये उघडली. पांढरा पडदा आणि ४०४ : पान सापडलं नाही. पुन्हा उघडली. तेच. मग आमचं ठरलेलं उत्तर पाठवलं, 'आम्हाला पडताळणी करता आली नाही, कृपया स्क्रीनशॉट आणि वेळेचा तपशील पाठवा.' तिकिटावर 'माहितीच्या प्रतीक्षेत' असा शेरा मारला आणि पुढच्या तक्रारीकडे वळले.

त्या रात्री मी नियमाबाहेर काहीही केलं नाही. तरीही गेली दोन वर्षं एक प्रश्न मला सोडत नाही, आणि तो त्याच रात्रीतून आला आहे. आपण ज्याला जागा भाड्याने दिली, त्याने तिथे काय केलं याची जबाबदारी आपल्यावर किती? आणि ते माहीत करून घ्यायला आपण किती डोकवावं?

*

आमची मावशी सदाशिव पेठेत मुलांना कॉट बेसिसवर जागा द्यायची. मुलं आली की त्यांची माहिती पोलीस चौकीत नेऊन द्यायची, पावती जपून ठेवायची. पण मुलं नसताना त्यांच्या खोलीत ती कधी गेली नाही. मी एकदा विचारलं, "मावशी, आत काय चालतं ते तुला कळतं कसं?" ती म्हणाली, "खोली त्यांची, मीटर माझा." एका महिन्यात विजेचं बिल दुप्पट आलं, तेव्हा तिने दार न उघडता ओळखलं की आत शेगडी लागलीय.

होस्टिंगमध्ये आम्ही साधारण हेच करायचो. सर्व्हरच्या आतल्या फाइली वाचत नव्हतो. ग्राहकांशी केलेल्या करारात तसं लिहिलेलंही होतं. पण बाहेरून पुष्कळ काही दिसतं. काल रात्री घेतलेला सर्व्हर आज पहाटेपासून हजारो अनोळखी आयपींची दारं ठोठावतो आहे, प्रत्येक दारावर पासवर्ड लावून बघतो आहे. तो कोणाच्या दुकानाची वेबसाइट चालवत नाही, हे कळायला आत जायला लागत नाही. एखाद्या मशीनचा प्रोसेसर दिवसरात्र शंभर टक्के चालतोय आणि त्याचं बोलणं फक्त क्रिप्टोच्या मायनिंग पूलशी होतंय, तर बहुधा कोणीतरी चोरलेल्या कार्डावर आमच्या विजेने नाणी पाडतंय. दहा मिनिटांत बारा नवी खाती उघडली, नावं बारा, पण कार्डं एकाच बँकेची आणि ब्राउझरची ठेवण तंतोतंत एकसारखी, हेही मीटरवरच दिसतं. मेल पाठवायचं पोर्ट २५ अनेक मोठ्या क्लाउड कंपन्या मुळातच अडवून ठेवतात, कारण ते उघडं ठेवलं की स्पॅमवाले रांग लावतात. शिवाय वेबसाइटच्या सुरक्षा सर्टिफिकेटांची सार्वजनिक नोंद होत असते. त्या नोंदीत बँकेच्या नावाला 'केवायसी' किंवा 'रिवॉर्ड' अशी शेपटी लावलेलं नवं डोमेन दिसलं, की ते आपल्या एखाद्या सर्व्हरकडे वळतंय का, हे तपासता येतं.

या सगळ्याची किंमत प्रामाणिक माणूसही मोजतो. तुमच्यापैकी काहींनी कॉलेजचा प्रोजेक्ट हिरोकूवर फुकट चढवला असेल. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ती सोय बंद झाली. फुकट प्लॅनचा गैरवापर आणि फसवणूक आवरण्यात आमच्या टीमची फार शक्ती खर्च होते, असं कारण कंपनीने दिलं होतं. चोरांनी मीटर पळवला म्हणून विद्यार्थ्यांची वीज गेली.

आणि मीटरला एक मर्यादा आहे. बँकेचं खोटं पान अगदी हलकं असतं. एक लोगो, दोन चौकटी, एक बटण. तासाला पाचपन्नास माणसं येतात आणि जातात. मीटरवर ते गल्लीतल्या बेकरीच्या वेबसाइटसारखंच दिसतं. अशा पानाबद्दल आम्हाला कळायचं ते बाहेरच्या कोणीतरी सांगितलं तरच. म्हणजे त्या मेलसारखा एखादा मेल आला तर.

*

मग मी त्या मेलवर विश्वास का ठेवला नाही? त्याच्या वर्षभर आधी मी एकदा विश्वास ठेवला होता म्हणून.

तेव्हा अशीच तक्रार आली होती. लिंक उघडली, खोटं पान डोळ्यांनी पाहिलं, आणि चार मिनिटांत अख्खा सर्व्हर बंद केला. स्वतःवर खूशही झाले. सकाळी फोन आला. सर्व्हर मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातल्या पॅथॉलॉजी लॅबचा होता. त्यांच्या वर्डप्रेसमधल्या एका जुन्या प्लगिनमधून कोणीतरी आत शिरून एका कोपऱ्यात ते पान ठेवलं होतं. पेशंटचे रिपोर्ट त्याच सर्व्हरवर होते. सोमवार होता. लॅबच्या दारात उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं उभी, डॉक्टरांचे फोन चालू, आणि स्क्रीनवर काहीच नाही. लॅबचे मालक माझ्यावर ओरडले नाहीत. म्हणाले, "अहो ताई, माझ्या घरात चोर शिरला, तर तुम्ही मलाच घराबाहेर काढलंत!"

या कामाबद्दल बाहेरच्यांना सहसा माहीत नसलेली गोष्ट हीच आहे. 'गुन्ह्यासाठी वापरलेला सर्व्हर' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे त्याचा बदमाश मालक येतो. माझ्यासमोर आलेल्या कितीतरी प्रकरणांत मालक स्वतःच लुटला गेलेला होता, आणि त्याला ते माहीत नव्हतं.

त्या सोमवारनंतर आमच्याकडे नवा नियम आला. स्वतः पाहून खात्री झाल्याशिवाय काहीही बंद करायचं नाही. खात्री झाली नाही तर तक्रारदाराकडे पुरावा मागायचा. नियम शहाणपणाचा होता. तो लिहिण्यात माझाही हात होता.

*

जर्मनीत मोझेल नदीच्या काठी ट्राबेन-ट्रारबाख नावाचं द्राक्षमळ्यांचं गाव आहे. तिथे लष्कराचा एक जुना बंकर होता, जमिनीखाली पाच मजले. २०१३ मध्ये एका डच माणसाने तो ताब्यात घेतला आणि आत सर्व्हर मांडले. 'सायबरबंकर' या नावाने तो धंदा ओळखला जायचा. ग्राहक सर्व्हरवर काय ठेवतो हे विचारायचं नाही, तक्रारींना दाद द्यायची नाही, हीच त्याची ख्याती. सप्टेंबर २०१९ मध्ये पोलिसांनी छापा घातला. अमली पदार्थांचा ऑनलाइन बाजार असलेल्या 'वॉल स्ट्रीट मार्केट'सारखे ग्राहक तिथे राहून गेले होते. सरकारी पक्षाने जवळजवळ अडीच लाख गुन्ह्यांना मदत केल्याचा आरोप ठेवला.

डिसेंबर २०२१ मध्ये ट्रियरच्या कोर्टाने आठही आरोपींना दोषी ठरवलं. मुख्य आरोपीला पावणेसहा वर्षांची शिक्षा झाली. पण ती गुन्हेगारी टोळी केल्याबद्दल. त्या अडीच लाख गुन्ह्यांना मदत केल्याच्या आरोपातून ते सुटले. एकेका गुन्ह्याची त्यांना माहिती होती, हे सिद्ध झालं नाही.

कायद्याच्या बाजूने हे बरोबरच असेल. माहीत नसलेल्या गोष्टीबद्दल शिक्षा नको, हे तत्त्व आपल्या सगळ्यांच्या भल्याचं आहे. पण माझ्या मनात ते वेगळ्या कारणाने रुतलं. त्या बंकरमध्ये विकला जाणारा खरा माल सर्व्हर नव्हताच. आम्ही माहीत करून घेणार नाही, ही हमी तिथे विकली जात होती. आणि मग मला माझा तो शेरा आठवला, 'माहितीच्या प्रतीक्षेत'. मी काही बंकरवाली नाही. पण न कळण्याची एक छोटीशी सोय त्या दोन शब्दांतही होती.

भारतात हा प्रश्न आयटी कायद्याच्या कलम ७९ भोवती फिरतो. मध्यस्थ कंपनीला गैरप्रकाराची 'प्रत्यक्ष माहिती' होईपर्यंत ती जबाबदार नाही. पण माहिती झाली असं कधी म्हणायचं? २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कोर्टाचा आदेश किंवा सरकारी अधिसूचना मिळाली तर. पुढे २०२१ च्या नियमांनी त्यानंतर कारवाईसाठी ३६ तासांची मुदत घातली. हा निकाल मला आजही योग्य वाटतो. तो नसता तर कोणाही नेत्याच्या कार्यकर्त्याने मेल टाकावा आणि घाबरलेल्या कंपनीने एखादा लेख उडवावा, असं रोज झालं असतं. युरोपच्या डिजिटल सेवा कायद्याने जरा वेगळी वाट धरली. तक्रार इतकी नेमकी असेल की काळजीपूर्वक वाचणाऱ्याला कायद्याचा कीस न पाडता बेकायदेशीरपणा कळेल, तर तिथे 'माहिती झाली' असं धरलं जातं.

मला वाटतं, दोन्हीकडे तथ्य आहे, कारण दोन्ही नियमांपुढची वस्तू वेगळी आहे. एखादा लेख बदनामीकारक आहे की नाही, हा वाद आहे. तो रात्रपाळीच्या मुलीने अडीच वाजता मिटवू नये, कोर्टाने मिटवावा. पण 'हे पान त्या बँकेचं आहे का' हा वाद नाही, ती वस्तुस्थिती आहे. आहे किंवा नाही. मजकूर आणि सापळा यांत फरक आहे. सापळ्याच्या बाबतीत कोर्टाच्या आदेशाची वाट बघणं हे संयमाचं लक्षण नाही. खोटं पान काही तासच जगतं, आणि तेवढ्यात त्याचं काम होऊन जातं.

*

मग सगळ्यांच्या खोल्या उघडूनच का बघू नयेत? मशीन बघेल, माणसाला बघायची गरजही नाही. असं म्हणणारे मला मीटिंगमध्ये दर महिन्याला भेटायचे.

याचा एक मर्यादित प्रकार चांगला चालतो. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये हॅनी फरीद या संशोधकाबरोबर फोटोडीएनए बनवलं. बालकांच्या लैंगिक शोषणाची जी छायाचित्रं आधीच ओळखली गेली आहेत, त्यांच्या 'ठशां'शी ते नव्या फाइलचा ठसा जुळवून बघतं. माहीत असलेली गोष्टच शोधायची, बाकी काही वाचायचं नाही. पण पुढची पायरी म्हणजे आधी कधी न पाहिलेल्या फोटोंबद्दल मशीनने अंदाज बांधायचा. तिथे काय होतं याची एक गोष्ट २०२२ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने छापली. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका बापाने आजारी बाळाच्या दुखऱ्या भागाचे फोटो काढले, डॉक्टरांना दाखवायला. फोटो आपोआप क्लाउडवर गेले. गूगलच्या यंत्रणेने ते शोषणाचे म्हणून धरले, खातं बंद केलं, पोलिसांपर्यंत कळवलं. पोलिसांनी तपास करून गुन्हा नाही असं म्हटलं. खातं तरीही परत मिळालं नाही. वर्षानुवर्षांचे मेल, बाळाचे पहिले फोटो, फोन नंबरसुद्धा गेला.

हे वाचताना मला 'मशीन चुकलं' यापेक्षा दुसरीच गोष्ट लागली. मशीन चुकणारच, मीही लॅबच्या बाबतीत चुकले होते. फरक इतकाच, की लॅबच्या मालकांकडे आमचा नंबर होता. त्यांनी फोन केला, आणि चाळीस मिनिटांत सर्व्हर चालू झाला. त्या बापाने अर्ज केले, पोलिसांचा निर्वाळा मिळवला, आणि निर्णय तिळभर हलला नाही.

*

आता त्या शनिवारच्या रात्रीकडे.

रविवारी दुपारी दीडला माझा सहकारी चहा पिता पिता जुनी तिकिटं चाळत होता. त्याने ती लिंक सहज स्वतःच्या फोनवर, मोबाइल डेटावर उघडली. पान उघडलं. बँकेचा लोगो, नाव, जन्मतारीख, कार्ड नंबर, ओटीपी, सगळं. त्याने मला स्क्रीन पाठवली तेव्हा मी घरी जेवत होते.

युक्ती साधी असते, आणि नवीही नव्हती. येणारा माणूस मोबाइलवरून आलाय का, भारतातल्या मोबाइल नेटवर्कवरून आलाय का, हे ते पान आधी तपासायचं. तसा असेल तर बँक दाखवायची. ऑफिसच्या जोडणीवरून, कंप्युटरवरून आला असेल तर ४०४. म्हणजे ते पान मला ओळखून होतं. जो फसू शकतो त्यालाच ते दिसत होतं, आणि जो थांबवू शकतो त्याला दिसत नव्हतं. मी पडताळणी केली ती माझ्या खुर्चीवरून. ती लिंक ज्यांच्या हातात होती, त्यांच्या जागेवरून केली नाही.

सर्व्हर चोरीच्या कार्डावर घेतलेला निघाला. लगेच बंद केला. मेल आल्यापासून अकरा तास झाले होते.

तीन आठवड्यांनी पोलिसांचं पत्र आलं, ग्राहकाचे तपशील मागणारं. त्यात एका निवृत्त व्यक्तीच्या खात्यातून एक लाख चाळीस हजार गेल्याची नोंद होती. व्यवहाराची वेळ रविवार, सकाळी नऊ दहा. माझं उत्तर गेलं होतं रात्री दोन चाळीसला.

पत्र मी बऱ्याच वेळा वाचलं. लॅबच्या प्रकरणात आमच्याकडे मीटिंग झाली होती, माफीचा मेल गेला होता, महिन्याचं बिल माफ झालं होतं, नवा नियम बनला होता. या पत्रानंतर काहीच झालं नाही. माहिती पोलिसांना दिली आणि फाइल बंद. कोणी निष्ठुर होतं असं नाही. ती व्यक्ती आमची ग्राहक नव्हती, एवढंच. तिच्याकडे आमचा नंबर नव्हता, आणि आमच्या कंपनीचं नावही तिने ऐकलं नसेल.

आपण हा सगळा वाद 'सुरक्षा की खासगीपणा', म्हणजे किती बघावं असा मांडतो. पाच वर्षांनंतर मला वाटतं, खरी मेख कोणाचं ऐकू येतं यात आहे. जो पैसे देतो त्याचं गाऱ्हाणं फोनवरून येतं. जो फसतो त्याचं गाऱ्हाणं तीन आठवड्यांनी पोलिसांच्या पत्रातून येतं, किंवा येतच नाही. आणि ज्याच्यावर खोटा आळ आला, त्याचं गाऱ्हाणं फॉर्ममध्ये जाऊन पडतं. दोन्ही चुका सारख्याच वाईट असतील, तरी त्यांतली एकच आपल्याला दुखते. मग नियम आपोआप त्या दुखण्याच्या बाजूने लिहिले जातात. माझा नियम तसाच लिहिला गेला होता. तो लिहिताना टेबलाशी लॅबचे मालक मनाने हजर होते. ती निवृत्त व्यक्ती नव्हती.

नंतर मी दुसरा मसुदा लिहिला. एक, तक्रार आलेली लिंक फसणाऱ्याच्या जागेवरून बघायची, म्हणजे तपासणीसाठी वेगळा ठेवलेला फोन आणि मोबाइल डेटा. दोन, सापळ्याचा वाजवी संशय असेल तर अख्खा सर्व्हर बंद न करता फक्त ते एक पान दोन तास झाकायचं आणि लगेच ग्राहकाला फोन लावायचा. तीन, आपण झाकलं ते चुकीचं निघालं, तर दाद मागायला माणूस हवा, फॉर्म नको, आणि नुकसान कंपनीने सोसायचं.

एका सहकाऱ्याने रास्त आक्षेप घेतला. उद्या एखादा स्पर्धक ऐन दिवाळीच्या सेलमध्ये खोटी तक्रार करून शेजाऱ्याच्या दुकानाचं पान दोन तास झाकायला लावेल. लावेल, कधीतरी लावेलच. पण झाकलेलं पान उघडता येतं, माफी मागता येते, पैसे परत देता येतात. सकाळी नऊ दहाला गेलेले पैसे दहा खात्यांतून फिरून दुपारपर्यंत कुठे गेले, हे अनेकदा कोणालाच सांगता येत नाही. दोन्ही बाजूंना चूक होणारच असेल, तर जी दुरुस्त करता येते ती चूक पत्करावी.

मसुद्यातला फोनचा मुद्दा लगेच मान्य झाला, फोन स्वस्त असतो. माणसाचा मुद्दा 'बजेट बघून' असा राहिला. तक्रारी ऐकणाऱ्या माणसाचा पगार कोणत्याच ग्राहकाच्या बिलात दिसत नाही.

तुमच्या किंवा घरच्या कोणाच्या फोनवर असा मेसेज येईल तेव्हा 'क्लिक करू नका' हे तुम्हाला सगळेच सांगतील. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा, हेही. मी आणखी एक सांगेन. ते पान कोणाच्या सर्व्हरवर आहे हे शोधून त्यांच्या ॲब्यूज मेलबॉक्सला दोन ओळी लिहा, आणि मेसेज मोबाइलवर आला होता, हे त्यात आवर्जून लिहा. पलीकडे माझ्यासारखं कोणीतरी बसलेलं असतं, आणि कदाचित त्याला ४०४ दिसत असतं.

त्या मुलाला मी नंतर मेल केला, की तुमचं म्हणणं बरोबर होतं, आम्ही उशीर केला, माफ करा. त्याचं एका ओळीत उत्तर आलं : 'बंद झालं ना, मग ठीक आहे.' दुसरा मेल कोणाला करायचा, ते मला माहीत नव्हतं. पोलिसांच्या पत्रात नंबर नव्हता.